तिखटाची तालीम

‘तिखट चालतं ना?’ हा प्रश्न महाराष्ट्रात चौकशी म्हणून कुणी विचारत नाही; ती झडती असते. तिला ‘नाही’ असं सरळ उत्तर देणारा माणूस विरळाच. ज्याला खरोखर सोसत नाही तोही ‘चालतं हो, पण हल्ली डॉक्टरांनी बंद केलंय’ असं म्हणून जिभेला निर्दोष सोडवून घेतो आणि सगळा आळ पित्तावर ढकलतो. जठर कमजोर असलेलं आपल्याकडे चालतं, जीभ कमजोर असलेली चालत नाही. गोड वर्ज्य असलेला माणूस पथ्याचा समजला जातो, आंबट न खाणाऱ्याची कुणी दखलही घेत नाही. तिखट न खाणाऱ्याच्या मात्र मूळ गावाची विचारपूस सुरू होते, आणि ते गाव पुण्याच्या आसपास निघालं की विचारणारा ‘तरीच!’ म्हणून समाधानाने पान पुढे ओढतो. या सगळ्यामागे एक ठाम समजूत आहे. तिखट खाण्याची ताकद जिभेत असते, ती रोजच्या सरावाने वाढते, आणि ज्याची वाढली तो बाकीच्यांपेक्षा जरा जास्त मर्द आणि जरा जास्त मराठी. माझं म्हणणं वेगळं आहे. सरावाने काहीतरी तयार होतं हे मला मान्य आहे, पण ते जिभेपेक्षा चेहऱ्यावर अधिक तयार होतं. जीभ थोडंफार शिकते आणि लवकर विसरते. चेहरा उशिरा शिकतो, पण शिकला की जन्मभर पाठ असतो.

आधी मिरची करते काय ते पाहू. तिच्यात कॅप्सेसिन नावाचं रसायन असतं. ते बियांत असतं अशी सार्वत्रिक समजूत आहे. खरं तिखट असतं ते बिया ज्यांना लगडलेल्या असतात त्या आतल्या पांढरट शिरांमध्ये, आणि बिया बिचाऱ्या शेजारामुळे बदनाम झाल्या आहेत. हे रसायन जिभेवरच्या ज्या मज्जातंतूंना जाऊन भिडतं ते चवीचे नव्हेतच, ते भाजल्या-दुखल्याची खबर देणारे. त्यांच्या टोकाशी टीआरपीव्ही-१ नावाचं एक प्रथिन असतं. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये ते हुडकून काढलं, आणि २०२१चं वैद्यकाचं नोबेल ज्युलियस यांना आर्डेम पॅटापूशन यांच्यासोबत मिळालं. साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वरचं काही टेकलं की ‘भाजतंय’ असं कळवणं हे या प्रथिनाचं काम. कॅप्सेसिन त्याच्याकडून आग नसतानाही तोच निरोप धाडून घेतं. म्हणजे झणझणीत रस्सा ही अग्निशामक दलाला दिलेली खोटी वर्दी असते. दल मात्र खरोखर येतं, घंटा वाजवत येतं, आणि नाकाडोळ्यांतून, कपाळावरून, टक्कल असेल तर टकलावरून पाण्याचे लोट वाहू लागतात. जळत कुठेच काही नसतं.

पक्ष्यांच्या अंगात हेच प्रथिन थोड्या वेगळ्या घडणीचं असतं आणि त्याला कॅप्सेसिनचा पत्ताच लागत नाही. पिंजऱ्यातला पोपट पंजात हिरवी मिरची धरून सावकाश सोलतो आणि पाहुणे ‘बघा, मिरची कशी खातो!’ म्हणून त्याला शाबासकी देतात ती फुकटची आहे. त्याला काही लागतच नाही. झाडाचा हिशेबही हाच. उंदरांच्या दाताखाली बी चिरडलं जातं, पक्ष्याच्या पोटातून ते साबूत बाहेर पडून लांब कुठेतरी रुजतं. तेव्हा उंदराला हाकलायचं आणि पक्ष्याला बोलवायचं. ॲरिझोनातल्या रानमिरच्यांवर जोशुआ ट्यूक्सबरी आणि गॅरी नॅभन यांनी काम करून २००१ मध्ये हे मांडलं. मिरचीने बंदोबस्त चोख ठेवला होता. हाकलून दिल्यावर वाटी पुढे करून ‘अजून थोडं वाढा’ म्हणणारा एक सस्तन प्राणी पुढे निघेल, हे तिच्या हिशेबात नव्हतं.

आता पहिला आक्षेप येणार, आणि तो शास्त्राच्या बाजूने येणार. कॅप्सेसिनचा मारा पुन्हा पुन्हा झाला की तेच मज्जातंतू मंदावतात, ही गोष्ट सिद्ध झालेली आहे. नागिणीच्या आजारानंतर मागे राहणाऱ्या वेदनांवर ८ टक्के कॅप्सेसिनची पट्टी त्वचेवर लावतात ती याच भरवशावर. १९१२ मध्ये विल्बर स्कोव्हिल या औषधशास्त्रज्ञाने तिखट मोजण्याची पद्धत काढली, तिलाही हीच अडचण होती. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचा, पाच जणांना चाखायला द्यायचा, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांना तिखट लागेनासं झालं की किती पट पातळ केला तो आकडा लिहून ठेवायचा. पण चाखणाऱ्यांच्या जिभाच मध्ये थकायच्या. आज हे काम यंत्र करतं. यंत्राला घाम येत नाही आणि यंत्र फुशारकीही मारत नाही. तर जीभ बधिर होते हे कबूल. प्रश्न एवढाच, की किती आणि किती वेळ?

हे बघायला मिसळीच्या टेबलाइतकी चांगली प्रयोगशाळा नाही. समोर ताटली आहे. तळाला मटकीची उसळ, वर फरसाण, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड, आणि शेजारी स्टीलच्या वाटीत कट. कटावर बोटभर लाल तर्री आहे, आणि कॅप्सेसिन पाण्यात नव्हे तर तेलात विरघळत असल्यामुळे खरी दहशत तिथेच तरंगते आहे. गिऱ्हाईक पहिली वाटी ओततो, चार घास खातो, कान गरम होतात. तो न थांबता खात सुटला, तर प्रत्येक घासागणिक आग चढत जाते. पण वाटी रिकामी झालेली असते आणि वाढपी पलीकडच्या टेबलावर अडकलेला असतो. ही जी पाच-दहा मिनिटं जातात, तेवढ्यात पहिली लाट ओसरते आणि मंदावलेले तंतू काही काळ मंदच राहतात. दुसरी वाटी येते, जिभेला ती निम्मीच लागते, आणि गिऱ्हाईक सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणतो, ‘आज कट जरा मवाळ आहे, शेठ!’ घासांमधल्या विश्रांतीचा हा परिणाम बॅरी ग्रीन या संशोधकाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस नीट तपासला होता. आपल्याकडच्या कित्येक तिखटबहाद्दरांच्या लौकिकात वाढप्याच्या संथपणाचा वाटा मोठा आहे, आणि त्याला त्याबद्दल कुणी टीप दिल्याचं ऐकिवात नाही.

पण हा झाला एका बैठकीतला बधिरपणा. वर्षानुवर्षांच्या सरावाचं काय? या प्रश्नावर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी मन लावून काम केलं. मेक्सिकोत ओआहाका भागातल्या एका खेड्यात लोक जवळजवळ प्रत्येक जेवणात मिरची खायचे. त्यांच्या जिभा आणि अमेरिकन विद्यार्थ्यांच्या जिभा ताडून पाहिल्या, तर तिखट ओळखण्याच्या पातळीत फरक निघाला तो किरकोळ. जन्मभर मिरची खाल्लेल्या माणसाला आग लागतच नव्हती असं नाही. लागत होती, पण ती त्याला आवडत होती, आणि सगळ्यात आवडणारी पातळी ही ‘आता सोसवत नाही’ याच्या जेमतेम अलीकडची निघाली. रोझिन यांनी याला दिलेल्या नावाचा अर्थ आपल्या भाषेत ‘निरुपद्रवी आत्मपीडा’ असा होईल. या कामातला मला सर्वात मोलाचा वाटणारा पुरावा मात्र माणसांचा नाही, त्या गावच्या कुत्र्यांचा आणि डुकरांचा आहे. त्यांना घरोघरचं मिरची लागलेलं उष्टं-खरकटं रोज मिळायचं. म्हणजे सराव पुरेपूर, पिढ्यान्‌पिढ्या. तरीही तिखट आणि बिनतिखट दोन्ही पुढे ठेवलं, की त्यांची पसंती बिनतिखटालाच. नुसत्या सरावाने जीभ तयार होत असती, तर त्या गावचं डुक्कर कोल्हापुरात येऊन पैज मारून गेलं असतं. उलट, माणसांच्या सहवासात वाढलेल्या चिंपांझींना मात्र तिखट बिस्किटांची गोडी लागल्याचं रोझिन यांनीच १९८३ मध्ये नोंदवलं. फरक कशाचा? डुकराच्या जेवणाकडे कुणी कौतुकाने बघत नाही. चिंपांझीच्या जेवणाकडे सगळं घर बघत असतं.

आपल्या घरातही हेच चालतं, फक्त आपण त्याला प्रयोग म्हणत नाही. पोराला आधी वरण-भात-तूप, मग भाजीची फोड पाण्यात धुऊन, मग तर्री चमच्याने बाजूला सारून खालचा रस्सा. तिखट लागलंच तर चिमूटभर साखर. आणि एके दिवशी तो मोठ्यांच्या पातेल्यातली भाजी खातो, डोळ्यांत पाणी येतं, पण तोंडातून हूं की चूं निघत नाही. आजी म्हणते, ‘मोठा झाला गं!’ जिभेला त्या दिवशी नेहमीइतकंच भाजलेलं असतं. बदललेलं असतं ते एवढंच, की रडण्यापेक्षा न रडण्याची किंमत जास्त येते हे त्याला कळलेलं असतं. तिथून पुढे सगळी तालीम चेहऱ्याची. कपाळावरचा घाम पुसताना ‘पंखा जरा वाढव रे’ म्हणायचं. नाक वाहिलं की सर्दीचं नाव घ्यायचं. पाण्याचा पेला झडप घालून नव्हे, सहज बोलता बोलता उचलायचा. दातांतून ‘स्स्स’ करत हवा आत ओढायची आणि तिच्या शेपटाला ‘व्वा’ जोडायचा, म्हणजे कण्हणं दाद म्हणून खपतं. या कलेत बायका पुरुषांइतक्या रमत नाहीत असं निरीक्षण आहे, आणि त्यालाही थोडा आधार सापडतो. पेनसिल्व्हेनियातल्याच दुसऱ्या एका विद्यापीठात नादिया बर्न्स आणि जॉन हेस यांनी तपासलं, तेव्हा बायकांमध्ये तिखटाची आवड झणक्याच्या ओढीशी जोडलेली दिसली, तर पुरुषांमध्ये बक्षिसाच्या, शाबासकीच्या ओढीशी. शिवाय एक गोष्ट अभ्यासाशिवाय दिसते. लाल तिखटाची फोडणी पडल्यावर घरभर उठणारा ठसका चुलीपाशी उभं राहून जी छातीत घेते, तिच्या सोसण्याचं कौतुक दिवाणखान्यात होत नाही. तिथे कौतुक होतं ते रुमालाने मान पुसत दुसऱ्यांदा रस्सा मागणाऱ्याचं.

‘पण आमच्या रक्तातच आहे ते!’ हा दुसरा आक्षेप. तो दंड थोपटून येतो म्हणून त्याला इतिहासाच्या आखाड्यात घेतलेलं बरं. मिरची अमेरिकेतली. कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोचला, वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला, १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला, आणि त्यांच्या जहाजांतून मिरची या किनाऱ्यावर आली. त्याआधी आपल्याकडे तिखट म्हणजे मिरी, पिंपळी, आलं, मोहरी. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, ‘मानसोल्लास’ नावाचा ग्रंथ सिद्ध केला. त्यात राजाच्या मुदपाकखान्याचं वर्णन इतकं सढळ आहे, की नदीकाठचे उंदीर भाजून खाण्याची कृतीसुद्धा त्यात आहे. पण मिरची नाही. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या म्हणतात, अशी नोंदही त्याच ग्रंथात आहे. त्या उखळात काय काय असेल ते असो, लाल मिरची नव्हती. ‘ज्ञानेश्वरी’ १२९० ची. म्हणजे ज्या देवगिरीच्या वैभवाच्या आठवणीने आपली मान ताठ होते, त्या देवगिरीवर कुणीही, अगदी कुणीही, तांबडा रस्सा खाल्लेला नव्हता. रक्तात यायला इतकी कमी शतकं अपुरी पडतात. अनुवंशाचा काहीच संबंध नाही असं मात्र मी म्हणणार नाही. फिनलंडमधल्या जुळ्यांवरच्या अभ्यासात तिखटाच्या आवडीनिवडीत त्याचा वाटा दिसला आहे. पण तो माणसामाणसांतल्या फरकाचा वाटा आहे, जिल्ह्याजिल्ह्यांतल्या नव्हे. कोल्हापूरच्या गुणसूत्राचा शोध अजून लागलेला नाही.

गोव्याचं उदाहरण तर आणखी बोलकं. पोर्तुगीजांची दारू-लसणात मुरवलेल्या मांसाची रीत तिथे आली, दारूच्या जागी व्हिनेगर आलं, मसाले आणि मिरची आली, आणि विंदालू झालं. गोव्याच्या घरात त्याचा जीव आंबटपणात आणि लसणात. तेच नाव ब्रिटनमधल्या करी हाउसच्या मेनूकार्डावर चढलं आणि तिथे ते मद्रास करीच्या वरच्या पायरीचं, शनिवारी रात्री बिअर ढोसून आलेल्या पोरांनी एकमेकांना आव्हान देण्याचं कालवण होऊन बसलं. १९९८ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी इंग्लंडच्या पाठीराख्यांनी डोक्यावर घेतलेल्या गाण्याचं नावच ‘विंदालू’. त्या गोऱ्या पोरांच्या रक्तात काय होतं? त्यांच्या आज्यांच्या स्वयंपाकात उकडलेल्या बटाट्यापलीकडे फारसं काही नव्हतं. तरी टोळक्यात बसून त्यांनी ते गिळलं, आणि ज्या कारणासाठी गिळलं ते कारण सांगलीच्या ढाब्यावर बसलेल्या टोळक्याला समजावून सांगावं लागणार नाही.

हवामानाचा मुद्दा लवकर आटोपतो. उष्ण प्रदेशात तिखट खाल्ल्याने घाम येतो आणि गार वाटतं, अन्न नासत नाही, वगैरे. मग डाळीत गूळ घालणारा गुजरात थंड हवेचं ठिकाण म्हणायचं, आणि मिरचीला मसाला नव्हे तर भाजी मानून चीजमध्ये शिजवणारा भूतान वाळवंट. मसाल्यांनी जंतू मरतात म्हणून उष्ण देशांत मसाले जास्त, हा सिद्धान्त १९९८ मध्ये अमेरिकेत मांडला गेला आणि बराच गाजला. २०२१ मध्ये ७० पाककृती-परंपरांतल्या हजारो पाककृती तपासून दुसऱ्या चमूने त्याला फारसा आधार नसल्याचं दाखवलं.

सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळाच आहे, आणि तो मला एवढ्या सहज निकालात काढता येत नाही. ‘तुमचं हे चेहऱ्याचं तत्त्वज्ञान भरल्या ताटावरचं आहे. ज्याच्या पानात भाकरीखेरीज काही नाही, त्याला कुणाला काय दाखवायचंय?’ खरं आहे. तव्यावर दोन थेंब तेलात हिरव्या मिरच्या आणि लसूण परतायचा, जाडं मीठ आणि असले तर भाजलेले शेंगदाणे टाकायचे, आणि तिथल्या तिथे तांब्याच्या बुडाने रगडायचं. कोल्हापूर-सांगलीकडे याला खर्डा म्हणतात, खानदेश-विदर्भात ठेचा. ज्वारीची भाकरी कोरडी असते. ती घशाखाली उतरायला लाळ लागते, आणि ज्या घरात कालवण नाही, दूध नाही, तिथे लाळ आणण्याचं काम मिरची करते, अत्यंत स्वस्तात, वर क जीवनसत्त्व देऊन. ही सोय आहे, शौक नव्हे. इथे माझा सिद्धान्त तोकडा पडतो हे कबूल करतो. पण त्या बांधावरच्या जेवणाकडे जरा जवळून पाहा. ठेचा किती घेतला जातो? भाकरीच्या तुकड्याच्या टोकाला लागेल एवढाच. सोबत बुक्कीने फोडलेला कांदा. लागलं तर माणूस उघडपणे हाशहुश करतो, तांब्या तोंडाला लावतो आणि त्यात त्याला कसली लाज वाटत नाही. रोज ठेचा खाणारा माणूस ‘मी तिखट खातो’ असं म्हणत नाही, जसं तो ‘मी पायी चालतो’ असंही म्हणत नाही. फुशारकी सुरू होते ती ठेच्याला मेनूकार्डात जागा मिळाली आणि त्यापुढे लाल मिरचीची चित्रं छापली गेली तेव्हापासून. एक चित्र म्हणजे बायकापोरांसाठी, तीन म्हणजे आपल्यासाठी.

आणि ज्यांच्या नावावर ही फुशारकी मारली जाते त्या गावांची तर गंमतच आहे. ‘व्हेज कोल्हापुरी’ नावाची लाल भाजी देशभर मिळते, आणि कोल्हापूरकर तिच्याकडे ओळख नसल्यासारखा पाहतो. खुद्द कोल्हापुरात तांबड्या रश्श्याच्या जोडीला पांढरा रस्सा असतो, नारळाच्या दुधाचा, खसखस-तिळाचा, आणि जाणता माणूस दोन्ही वाट्या आलटून पालटून भुरकतो. म्हणजे उतारा ताटातच वाढलेला असतो. चटणीसाठी मिरच्या निवडणाऱ्या बाईला आणखी एक गोष्ट पक्की ठाऊक असते. ब्याडगी रंगाला घ्यायची, लवंगी किंवा संकेश्वरी तिखटाला. कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातली ही ब्याडगी सुरकुतलेली, गडद लाल आणि स्वभावाने गरीब. तिचा रंग इतका देखणा, की तो लिपस्टिक आणि नेलपॉलिशमध्येही जातो. जी लाल तर्री बघून परगावच्या पाहुण्याला आधीच घाम फुटतो, तिच्या लालीचा मोठा भाग या लिपस्टिकचा असतो. पाहुणा घाबरतो डोळ्यांनी, यजमान सुखावतो त्याच्या घाबरण्याने, आणि जीभ या व्यवहारात येते सर्वात शेवटी. नागपूरच्या सावजीची गोष्ट वेगळी. तिथे काळपट रश्श्यात रंग काही सांगत नाही आणि जे काय कळायचं ते उशिरा कळतं.

आता एक नवा आक्षेप तरुणांच्या बाजूने येईल. सगळी तालीम चेहरा दाबण्याचीच असेल, तर मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर जगातली सर्वात तिखट मिरची खाऊन धाय मोकलून रडणाऱ्यांचं काय? २००७ मध्ये ईशान्येकडच्या भूत जोलोकियाने स्कोव्हिलच्या मापात १० लाखांचा टप्पा ओलांडून गिनीज बुकात नाव नोंदवलं. तिचा वापर डीआरडीओने दंगेखोरांना पांगवणाऱ्या बाँबमध्ये केला, आसामात हत्ती अडवायला करून पाहिला गेला, आणि हत्ती शहाणा असल्यामुळे तो थांबलाही. माणूस थांबला नाही. २०१३ मध्ये कॅरोलिना रीपर आली, २०२३ मध्ये २६ लाखांच्या वरची पेपर एक्स. जून २०२४ मध्ये डेन्मार्कच्या सरकारने कोरियन नूडल्सचे तीन अतितिखट प्रकार बाजारातून मागे घ्यायला लावले, आणि महिन्याभरात त्यांतले दोन परत येऊ दिले. या मिरच्या खाणारा पोरगा चेहरा लपवत नाही, उलट कॅमेरा जवळ ओढतो. लाल डोळे, लोंबणारं नाक, सगळं स्पष्ट दिसलं पाहिजे. यावरून माझं म्हणणं खोडलं जात नाही, पक्कं होतं. प्रेक्षक बदलला, म्हणून अभिनय बदलला. घरच्या पंगतीत न रडण्याला दाद होती, पडद्यावर रडण्याला आहे. दोन्हीकडे मिरची तीच आणि जिभेला विचारलेलं दोन्हीकडे नाही. (हौसेत कधी कधी प्रकरण दवाखान्यापर्यंत जातं, तेव्हा पोरांनी हे करू नये, हे इथे सांगून ठेवतो, ऐकणार कुणी नाही.)

जीभ किती विसराळू आहे हे बघायचं तर परदेशी राहून आलेल्याला बघावं. काही वर्षं तिकडच्या सौम्य जेवणावर काढली, की तंतू पुन्हा ताजेतवाने होतात, पहिल्यासारखे जागे. दोन आठवडे काविळीच्या पथ्यावर राहिलेल्याचंही तेच होतं. पण न्यू जर्सीहून सुट्टीला आलेला साताऱ्याचा माणूस काय करतो? जीभ बाळाची आणि चेहरा जुन्या पैलवानाचा, अशा अवस्थेत तो पहिल्याच दिवशी सरळ मिसळीच्या टेबलावर बसतो, कारण चेहरा काहीच विसरलेला नसतो. ‘तिकडे असलं काही मिळत नाही’ म्हणत तो दोनदा कट मागतो. टीआरपीव्ही-१ हे प्रथिन फक्त जिभेवर नसून अन्नमार्गात पार शेवटपर्यंत असतं, ही माहिती त्याला दुसऱ्या दिवशी पहाटे मिळते, आणि ती तो कुणाला सांगत नाही.

ज्याला खरोखर तिखटाची सवय लावून घ्यायची आहे त्याच्यासाठी मार्ग साधा आणि कंटाळवाणा आहे. थोडंसं, रोज, भाताबरोबर. दर पंधरवड्याला चिमूट वाढवायची. आणि शक्यतो एकट्याने, म्हणजे पातळी आपली आपल्याला कळते. आग लागली तर पाणी पिऊ नये, कॅप्सेसिन पाण्याला दाद देत नाही. दूध-दही-ताक घ्यावं, त्यातली प्रथिनं त्याला धरून नेतात. अमेरिकेत २०१९ मध्ये हे चाचणी करून पाहिलं, तर साय काढलेलं दूधही सायीच्या दुधाइतकंच उपयोगी पडलं, बिअर आणि कोला पडले नाहीत. मिसळवाल्या शेठला या चाचणीची गरज नव्हती. त्याच्या भिंतीवरचा दरफलक बघा: जादा रस्सा मोफत, हवा तेवढा. दही वेगळं, ताक वेगळं, आणि त्यांचे पैसे आधी.